डबीतलं कैरो

लग्नानंतर यांनी मला स्वतःहून घेऊन दिलेली पहिली वस्तू सोन्याची नव्हती, साडीही नव्हती. काळ्या प्लास्टिकची, तळहातात मावेल एवढी डिजिटल डायरी होती ती. दिल्लीच्या बाजारात, फुटपाथवर, घासाघीस करून घेतलेली. झाकण उघडलं की वरच्या अंगाला दोन ओळींचा पडदा आणि खाली रबराची मऊ बटणं.

"टिकंल का ही?" मी विचारलं.

"टिकली तर आपली," हे म्हणाले. "न्हाई तर पैसं काय लय गेलं न्हाईत."

आमचे हे फौजेत. युनोच्या मिशनवर वर्षभर आफ्रिकेत, काँगोत जायचं ठरलं होतं आणि जाण्याआधी थोडी सुट्टी मिळाली होती, त्या सुट्टीत ही डायरी घरी आली. आता कुणाला सांगितलं तर हसतील. माझी भाची हातातल्या मोबाईलवर बोटं फिरवत विचारते, "मावशी, त्यात काय काय होतं?" काय सांगू? फोन नंबर लिहायची सोय, दोन ओळींचं टिपण, कॅलेंडर, गजर, हिशेबाचं यंत्र आणि जगातल्या शहरांची वेळ. बस. कारखान्यातून जे भरून आलं तेवढंच, वरून दाणा टाकायची सोय नाही. तेही सगळं इंग्रजीत आणि इंग्रजीतही फक्त मोठी अक्षरं. मराठी लिहायचं तर त्या मोठ्या अक्षरांतच लिहायचं. वाचताना आपलीच भाषा कुणीतरी आपल्यावर खेकसतंय असं वाटायचं.

तरी मी भलतीच खूश होते. बी. ए. झालेली सून, हातात डायरी! फोन नंबर लिहायला बसले तर माहेरचा एक, वडूजच्या डॉक्टरांचा एक आणि गावातल्या किराणा दुकानाचा एक, एवढ्यावर गाडी थांबली. मग म्हैस कधी भरवली ती तारीख घातली आणि ती व्यायच्या तारखेला गजर लावून ठेवला. म्हशीनं तो काही पाळला नाही. ती आधीच व्याली आणि नंतर आठवड्यानं भर दुपारी ही डायरी टिवटिव करत बसली. गोठ्यातलं रेडकू दचकून उठलं. आत्ती म्हणाल्या, "तुज्या डबीला आत्ता कळलं व्हय?"

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. डायरी हा शब्द त्यांनी कधी तोंडात घेतला नाही. त्यांच्या लेखी ती डबीच.

मी मूळची वाळवा तालुक्यातली, कृष्णाकाठची. चहूकडं ऊस. आमच्याकडं बोलणं मोठ्यानं, भांडणं त्याहून मोठ्यानं आणि भूक लागली की ज्यानं त्यानं उठून भाकरी घ्यायची, कुणाची वाट बघायची नाही. लग्न करून आले ती खटाव तालुक्यात, वडूजच्याही पलीकडं, बाजरी-भुईमुगाच्या कोरड्या मुलखात. इथं पाणी जपून आणि शब्दही जपून. लग्नानंतर पहिल्याच दुपारी मला कडकडून भूक लागली म्हणून मी शिंक्यावरची भाकरी काढली, तर आत्ती दारात उभ्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आपल्यात मानसं जेवल्याबिगर बाया जेवत न्हाईत. आन थोरलीच्या आधी धाकटी जेवत न्हाई." मी ती भाकरी परत ठेवली. आत्तासुद्धा सांगताना मला तो राग आठवतो. पण नवी नवरी होते, तोंड उघडलं नाही.

घरात तेव्हा माणसं होती तीनच. सासरे मी येण्याच्या कितीतरी आधी गेलेले. म्हणजे 'मानसं' म्हणायला एकच, हे. आणि हे तर वर्षातले बरेच महिने पलटणीत. मग आत्ती जेवायच्या कधी? त्याचा त्यांनी स्वतःपुरता हिशेब बसवला होता. लेकानं एकदा सुट्टीत सांगितलेलं, की आमच्या लंगरमध्ये दुपारचं जेवण साडेबाराला मिळतं. झालं. लेक राजस्थानात असो, काश्मीरात असो, आत्ती दुपारची वडूज गाडी फाट्यावर हॉर्न देऊन गेली, की म्हणायच्या, "आता जेवला आसंल," आणि मग ताटावर बसायच्या. त्यांच्यानंतर मी. एकच्या सुमाराला दोघींचं आटपायचं. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते यांचा आफ्रिकेतून पहिला फोन आला तेव्हा.

फोन किराणा दुकानात यायचा, रविवारी, दुपारी तीनच्या सुमाराला. आम्ही दोघी केव्हाच्या जाऊन पोत्यांवर बसलेल्या. घंटी वाजली, दुकानदारानं रिसीव्हर आत्तींच्या हातात दिला, आणि आत्ती ओरडल्या. लांबचा फोन म्हणजे ओरडूनच बोलायचं.

"जेवलास का रं?"

"न्हाई आये, आजून हितं जेवनाची येळ न्हाई झाली!"

आत्तींचा चेहरा मी बघत होते. चूल विझल्यासारखा झाला. पुढं हे काय बोलले, मी काय बोलले, ते त्यांच्या कानावर गेलंच नाही. घराच्या उंबऱ्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "म्हंजे आपलं जेवन झालं, भांडी झाली, तवा पोरगं आजून उपाशी हाय?"

इथं माझं शहाणपण नडलं. गप्प बसावं की नाही? मी कणकेचा गोळा घेतला, पृथ्वी कशी गोल आहे आणि सूर्य कसा आपल्याकडं आधी येतो ते समजावून सांगितलं. आत्तींनी शांतपणे ऐकून घेतलं. "ते आसंल तुजं गोल," त्या म्हणाल्या. "त्यो आत्ता काय करत आसंल ते सांग."

मग मी मोठ्या तोऱ्यात डायरी काढली. जगातल्या वेळा दाखवणारं बटण दाबलं. यांनी जाताना सांगितलेलंच होतं, की काँगो काही या यादीत नाही, पण आम्ही जिथं असणार तिथली वेळ कैरोएवढीच. पडद्यावर कैरो आणलं. "हे बघा आत्ती. आपल्याकडं चार वाजलेत. तिकडं साडेबारा."

आत्तींनी डायरी दोन्ही हातांत धरली, देवीचा अंगारा घेतात तशी. कितीतरी वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "आता जेवत आसंल." आणि डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आलं. त्या क्षणी ती फुटपाथवरची वस्तू मला सोन्याहून मोलाची वाटली, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी हॉर्न देऊन गेली. मी ताटं घेतली. आत्ती हलल्या नाहीत. भिंतीला टेकून डबी मांडीवर घेऊन बसलेल्या.

"आत्ती, चला."

"आजून तितं नऊच वाजल्यात."

चार वाजता त्या जेवल्या. त्यांच्यानंतर मी. आणि तोच रोजचा नेम झाला. रात्रीचं तर विचारूच नका, सगळं गाव झोपल्यावर आमच्या घरात ताटं वाजायची. आकडे त्यांना वाचता यायचे, दुसरीपर्यंत शाळा झाली होती. त्यामुळं मला काही बोलायची सोयच उरली नाही. डबी खोटं बोलत नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं. जिनं म्हशीची तारीख चुकवली, तिच्यावर एवढा विश्वास!

आणि आत्तींना साखर होती. वडूजच्या डॉक्टरांनी दुपारच्या जेवणाआधी घ्यायची म्हणून गोळी दिलेली आणि ती बाराला घ्यायची हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. गोळी डॉक्टरांच्या वेळेनं आणि जेवण लेकाच्या वेळेनं, असा कारभार सुरू झाला. तीन वाजले की त्यांच्या हातातलं काम गळायला लागायचं. शेंगा फोडताना बोटं थरथरायची. कपाळाला घाम. "आवं आत्ती, दोन घास खाऊन घ्या," म्हटलं, की ठरलेलं उत्तर, "लेकराच्या आदी कुटली आई जेवती गं?" मी म्हणायचे, हजार जेवतात. त्या म्हणायच्या, जेवू दे हजार.

पुढच्या रविवारी मी यांना फोनवर सगळं सांगून टाकलं. हे म्हणाले, "दे आईकडं." आणि रिसीव्हरमधून मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "आये, आजपासनं मी तुज्या टायमाला जेवनार! तू साडेबाराला जेव, मी बी तवाच जेवतो!"

आत्तींनी पदराआडची डबी काढली, बोटावर मोजलं, आणि दुकानातल्या सगळ्यांच्या देखत लेकाला झापलं. "तवा तितं नऊ वाजत्यात. नवाला सायेब जेवन देतोय व्हय तुला? आईला फशिवतोस का रं मुडद्या?" आणि रिसीव्हर माझ्या हातात कोंबून चालत्या झाल्या. हे पलीकडून हसत होते. मला मात्र हसू येईना. लेकाचा शब्द खोटा आणि डबीचा खरा, म्हटल्यावर पुढं बोलायचं कुणाशी?

मग मी ठरवलं, डबीलाच हाताशी धरायचं.

यादीत शहरं ओळीनं होती. बटण दाबत दाबत मी आपल्या बाजूला सरकत आले. दिल्लीवर थांबले असते तर भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ तंतोतंत जुळली असती आणि आत्तींना संशय आला असता. थोडा तरी फरक हवा होता. अर्ध्या तासाचा फरक असलेलं एक शहर बरोबर सापडलं. ते लावलं आणि संध्याकाळी दिवाबत्ती करताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "आत्ती, ह्यांची पलटण अलीकडं सरकली वाटतं."

"खरं?"

"बघा की डबीत."

बघितलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी एक वाजता जेवल्या. मी पण जेवले. पोटभर, गरम, वेळेवर. घर पुन्हा जागेवर आलं. चार-पाच दिवस आत्तींच्या हाताची थरथर नाही, घाम नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. आत्तींना इंग्रजी अक्षर येत नाही, मग भीती कशाची?

हे गाव फौजींचं आहे, हे मी विसरले होते. इथं दर दुसऱ्या घरात एक पेन्शनर बसलेला असतो आणि त्याला इंग्रजी वाचता येतं.

शेजारचे सुभेदारमामा संध्याकाळी चहाला यायचे. मी आत भाकरी थापत होते. बाहेर आत्तींचा आवाज आला, "भावजी, बगा की. पोराची पलटन अलीकडं आली." मला काही सुचायच्या आत मामांनी चष्मा लावला होता. एकेक अक्षर लावत ते वाचायला लागले, "के... ए... आर..." आणि थांबले.

"वैनी, ह्ये तर कराची हाय."

"म्हंजे कुटं?"

"पाकिस्तानात."

मग आत्तींनी जी किंकाळी फोडली, ती पार देवळापर्यंत गेली असेल. "आगं बया बया बया! धरलं गं माज्या पोराला!"

मी पिठाच्या हातानं बाहेर येईपर्यंत अंगण भरलं होतं. बायका आत्तींना धरून बसलेल्या. एकजण कांदा फोडून नाकाला लावतेय. सुभेदारमामांनी निदान सावरून घ्यायचं, तर ते छाती काढून सांगताहेत, "घाबरू नका. धरला नसंल. एखांदं गुप्त काम दिलं आसंल. फौजेत आसतं तसं." हे ऐकल्यावर बायकांचा गलका आणखी वाढला. कुणी म्हणतंय पोलीस पाटलाला बोलवा, कुणी म्हणतंय साताऱ्याला सैनिक ऑफिसला फोन लावा. आत्ती हात जोडून औंधाच्या दिशेला तोंड करून यमाईला हाका मारताहेत, "आई, माजं एकुलतं एक लेकरू!"

मला वाटलं, भुई फाटावी.

"मी केलं ते!" मी ओरडले. "आवं, मी लावलं कराची! हे हायत तितंच हायत. तुमी येळेवर जेवावं म्हणून मी डबीतलं गाव बदललं!"

मग आधी एक बाई फिसकन हसली आणि तिच्या पाठोपाठ सगळं अंगण हसायला लागलं. सुभेदारमामा चष्मा पुसत हसत होते. "सूनबाई, निदान काबूल तरी लावायचं!" आत्ती मात्र हसल्या नाहीत. माणसं पांगल्यावर त्यांनी डबी माझ्यापुढं धरली.

"हाय तसं कर."

"आत्ती, तुमची तब्येत..."

"हाय तसं कर म्हनते."

मी कैरो लावलं. त्यांनी डबी घेतली, पिशवीत घातली, पिशवी कमरेला खोचली आणि त्या दिवसापासून ती रात्री उशाखाली आणि दिवसा कमरेला. माझ्या हाताला लागू दिली नाही. बोलणंही बंद. पाणी हवं असलं तर भांडं वाजवायच्या. जेवण पुन्हा चारला.

या बाईचा मला इतका राग यायचा, की भांडी आपटून आपटून मी दोन वाट्यांना पोचे पाडले. आणि तीन वाजता तिची बोटं थरथरायला लागली, की तोच राग कुठल्या कुठं जायचा आणि मी तिच्याभोवतीच घुटमळत राहायचे. दोन्ही खरं होतं.

भुईमूग काढणीला आला. आम्ही रानात होतो, आम्ही दोघी आणि चार बायका. ऊन मी मी म्हणत होतं. दुपारची गाडी जाऊन बराच वेळ झालेला. बायकांनी बाभळीखाली भाकरी सोडल्या, आत्ती आपल्या वेल उपटत राहिल्या. मी दोन ओळी सोडून होते. मान वर केली तर आत्ती वेलाच्या ढिगावर बसल्या होत्या आणि काहीतरी बोलत होत्या. शब्द लागत नव्हता. जवळ गेले, तर अंग घामानं थबथबलेलं, डोळे माझ्याकडं, पण मला ओळखत नसल्यासारखे.

"आत्ती! आवं आत्ती!"

एका बाईच्या फडक्यात गुळाचा खडा होता, तो मी ओढून घेतला आणि त्यांच्या गालाआड सारला. चोखा, चोखा, म्हणत त्यांचा गळा चोळत राहिले. रस्त्यावरून माणसं भरून नेणारी एक वडाप जीप चालली होती, बायकांनी आडव्या जाऊन थांबवली. वडूजपर्यंत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आई गेली तर यांना कुठल्या तोंडानं सांगू, एवढंच माझ्या डोक्यात. आणि कुणी विचारलं कशानं गेली, तर काय सांगायचं? घरात दाणा असताना भुकेनं गेली?

डॉक्टरांनी सलाईन लावलं. तासाभरात आत्ती माणसात आल्या. सगळी हकिकत ऐकल्यावर डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. "आजी, गोळी घेऊन उपाशी राहिलात तर एक दिवस अशाच झोपाल आणि उठणार नाही. मुलगा येईल तेव्हा भेटायला कुणी नको का?" आत्तींनी मान हलवली. मला वाटलं, चला, समजलं.

घरी आलो. मी त्यांना अंथरुणावर टेकवलं. डोळे मिटून पडल्या पडल्या म्हणाल्या, कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलल्या, "गोळी सोडते मी आता. गोळी न्हाई घेतली तर काय हुनार न्हाई. पन त्येच्या आदी जेवायची न्हाई."

आणि माझं डोकं फुटलं. लग्न झाल्यापासून जे गिळत आले होते, ते सगळं एकदम वर आलं.

"मरा मग!" मी म्हणाले. "मरा उपाशी! तुमी लेकासाठी मरा आन मी तुमच्यासाठी मरते! मला भूक लागती आत्ती! रोज भूक लागती! बारा वाजल्यापासनं माझं पोट कातरतंय. भाकरी मी थापते, कालवण मी करते, आन चार वाजेपातूर त्या वासात बसते. तुमचा लेक तितं दोन येळा पोटभर जेवतोय, त्याला सरकार घालतंय. हितं मला कोन घालतंय?"

आत्ती उठून बसल्या.

"तू तवर जेवत न्हाईस?"

"कशी जेवू? तुमच्या आधी कशी जेवू?"

"माज्या पाठीमागं घेत आसशील म्हनलं मी."

"कवा घेतलं? शिंक्यावरची भाकरी ठिवली त्या दिवसापासनं कवा हात लावला? तुमीच सांगितलंत की, थोरलीच्या आधी धाकटी न्हाई. तेच धरून बसलेय मी!"

आणि मी रडायला लागले. मोठ्यानं, नाक-डोळे एक करून, कृष्णाकाठच्या बाया रडतात तशी. आत्तींनी माझा हात हातात घेतला आणि बांगड्या वर सरकवल्या. त्या पार कोपरापर्यंत गेल्या. लग्नात कासारानं साबण लावून चढवलेल्या बांगड्या होत्या त्या. आत्ती त्या बांगड्या खाली-वर सरकवत बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी गाडीचा हॉर्न वाजला. मी परसात कपडे धूत होते. आतून हाक आली, "ये गं." गेले, तर दोन ताटं वाढलेली. एकावर आत्ती बसलेल्या.

"आदी मी खाते," त्या म्हणाल्या, "म्हंजे तुला खाता यील."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि तोंडात घातला. चावत होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. "लेकरू आजून उपाशी आसंल," म्हणाल्या. मी म्हटलं, "आत्ती, त्यांचं नाश्त्याला पोटभर झालं असेल, पुरी-भाजी, अंडी..."

"तू गप. जेव."

मी जेवले. त्या माझ्याकडं बघत होत्या, घास खाली जातोय की नाही ते. मधेच त्यांनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकली. त्या दिवसापासून गाडीचा हॉर्न झाला, की त्याच हाक मारायच्या. डबी कमरेला होतीच. चारच्या सुमाराला ती काढून बघायच्या, "आता बसला आसंल जेवायला," म्हणून घोटभर पाणी प्यायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. माझ्या बांगड्या हळूहळू मनगटापाशी थांबायला लागल्या. आत्ती येता-जाता सरकवून बघायच्या.

या आमच्या नव्या वहिवाटीबद्दल यांना फोनवर कुणी काही सांगितलं नाही. मी सांगितलं नाही, कारण ते माझं आणि आत्तींचं होतं. आत्तींनी का सांगितलं नाही, ते मला माहीत नाही.

वर्ष सरलं. हे आले ते सकाळच्या गाडीनं. काळे पडलेले, गालफडं बसलेली, खांद्यावर फौजी पेटी. फाट्यावरून घरापर्यंत यायलाच तास लागला, दर दारात थांबावं लागत होतं. आत्तींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, तोंडावरून हात फिरवले. मग आंघोळ झाली. गावातली चार माणसं भेटून गेली. तोवर मी चुलीपाशी होते. गरम भाकरी, वांग्याचं कालवण, शेंगदाण्याची चटणी, नवं लोणी. वर्षभर ज्याची वाट बघितली, ते सगळं त्या चुलीवर होतं.

हे येऊन बसले. मांडी घातली, हात चोळले, "आये, वाढ लवकर. वर्ष झालं तुज्या हातची भाकरी बघून."

भाकरी माझ्या हातची होती, पण ते असो.

आत्तींनी ताट वाढलं. कालवण, चटणी, लोण्याचा गोळा, वर फुगलेली भाकरी. ताट उचललं, यांच्या समोरून नेलं आणि मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होते तिथं येऊन माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं.

"बस," मला म्हणाल्या.

"आत्ती, हे..."

"बस म्हनते ना."

हे आधी हसले. त्यांना वाटलं, आई चेष्टा करतेय. "आये, मी हितं हाय की! पावणा मी हाय!"

आत्ती वळल्या. "तू थांब रं जरा," शांतपणे म्हणाल्या. "तिचं होऊ दे आदी."

यांचं हसू गेलं. आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. काय समजले, किती समजले, कुणास ठाऊक. पण उठले, पाण्याचा तांब्या आणून माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि भिंतीला टेकून बसले, वाट बघत.

मी बसले. भाकरी मोडली. त्या घरात आल्यापासून मला एवढं सुख कधी झालं नव्हतं आणि एवढं रडूही कधी आलं नव्हतं. आत्तींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"खा गं लवकर," त्या म्हणाल्या. "त्येला भूक लागलीया."